गाव म्हणजे एकच घर

श्रोतेहो, नमस्कार.

बोर्निओ बेटाच्या पश्चिम भागात, इंडोनेशियाच्या हद्दीत, सुंगाई उतिक नावाचं एक गाव आहे. गाव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गल्ल्या येतात, पार येतो, देऊळ येतं. इथे सगळं गाव एका छपराखाली नांदतं. खांबांवर उचललेलं एकच लांबलचक लाकडी घर आणि त्यात 28 कुटुंबांचे 28 दरवाजे. इथले लोक इबान. बोर्निओच्या मूळ रहिवाशांना मिळून दायाक म्हणतात. इबान, कायान, केन्याह, न्गाजू अशा कितीतरी जमाती त्यात येतात आणि प्रत्येकीची भाषा, रीतभात निराळी. त्यामुळे सगळ्या दायाकांबद्दल सरसकट बोलणं योग्य नाही. या एका गावातलं राहणं कसं, मालमत्ता कशी आणि तिथवर जाणं-येणं कसं, एवढंच आज बोलू.

घराच्या पुढच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग ओसरी असते. ती रुआई. टोपल्या विणणं, जाळी दुरुस्त करणं, तंटे मिटवणं, पाहुण्यांची अंथरुणं, सगळं तिथेच. मागे प्रत्येक कुटुंबाची खोली, ती बिलिक. वर माळ्यावर भाताचा साठा, बाहेर उघड्या फळ्यांवर धान्य वाळत घातलेलं. आपल्या वाट्याचं घर ज्याने त्याने बांधायचं, डागडुजी ज्याची त्याने करायची. आपल्या दारापुढची ओसरीही आपल्याच मालकीची, पण तिथे भिंत घालून ती कुणी अडवत नाही.

आणि वारसा? आई-वडिलांची बिलिक पुढे चालवायला एक मूल घरात राहतं. तो मुलगा असेल किंवा मुलगी. दोघांचा हक्क सारखा. बाकीची भावंडं लग्न करून दुसऱ्या बिलिकमध्ये जातात किंवा स्वतःची नवी उभी करतात. आपल्याकडे बहिणींकडून किती सहज हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात! ते पाहिलेल्या माणसाला इबानांची ही रीत विचारात पाडल्याशिवाय राहत नाही.

आता जमीन. इबानांची शेती फिरती. जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा, त्या राखेत भात टोकायचं आणि पीक निघालं की जमीन काही वर्षं पडीक सोडायची. ज्या कुटुंबाने ते रान पहिल्यांदा मोकळं केलं, त्याचा त्या तुकड्यावर हक्क राहतो, मग वर रान माजलेलं का असेना. ही जागा कुणाची, हे वाडवडिलांच्या आठवणीत पक्कं असतं. जुनी वस्ती जिथे होती तिथे फळझाडांचे मळे उभे राहतात, त्यांना तेम्बावांग म्हणतात. ड्युरियन, रांबुतान, लांगसात आणि तेंग्कावांग. या तेंग्कावांगच्या बियांतून निघणारी चरबी चॉकलेटच्या कारखान्यांपर्यंत जाते. झाड मात्र दरसाल फळत नाही, काही वर्षांच्या अंतराने एकदमच लगडतं. झाड लावणाऱ्याच्या वंशजांचा त्यावर हक्क असतो. माझ्या मते इथलं खरं खातेपुस्तक म्हणजे हे मळे.

संपत्तीत आणखीही काही येतं. ताजाउ नावाचे जुने चकाकी दिलेले रांजण, पितळी घंटा आणि बायकांनी विणलेली पुआ कुम्बू वस्त्रं. पिढ्यानपिढ्या जपलेल्या या वस्तू घराची पत ठरवतात.

गावाभोवतीच्या जंगलाचे लोकांनी तीन भाग पाडले आहेत. एकाला अजिबात हात लावायचा नाही, दुसऱ्यातून बेताने घ्यायचं, तिसऱ्यात शेती करायची. 1970च्या दशकापासून लाकूडतोडीच्या कंपन्या दारात आल्या, पुढे पाम तेलाच्या आल्या. गावाने सगळ्यांना परत पाठवलं. गावचे वडीलधारे आपाई जांगुत सांगत आले की जंगल आमचा बाप, जमीन आमची आई आणि पाणी आमचं रक्त. 2023 साली त्यांना पोर्तुगालमधल्या एका प्रतिष्ठानाचं गुलबेन्कियान पारितोषिक मिळालं. त्याआधी 2019 मध्ये गावाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं होतं.

पण पारितोषिकाने जमीन वाचत नाही, त्याला कायदा लागतो. इंडोनेशियाच्या 1960च्या जमीन कायद्यात समाजाच्या परंपरागत हक्काची नोंद आहे, तरी सरकार जंगल आपलंच मानत आलं. 2013 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला की परंपरागत जंगल हे सरकारी जंगल नव्हे. आणि 2020 मध्ये सुंगाई उतिकला सुमारे साडेनऊ हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा जो आनंद झाला, तोच हा आनंद. कागद हातात यायला वर्षानुवर्षं लागली, हेही दोन्हीकडे सारखंच.

हा कागद नसेल तर काय होतं ते शेजारपाजारी दिसतं. कंपनीला जमीन दिली की ती सरकारी पट्ट्यावर जाते. पट्टा 35 वर्षांचा, वर 25 वर्षांची वाढ. तो संपल्यावर जमीन गावाकडे परत येत नाही, ती सरकारजमा होते. कित्येक कुटुंबांना हे सही केल्यावर कळलं. अशी सही घेणं मला फसवणूकच वाटते.

शेत जाळण्यावरूनही लोकांना त्रास झाला. 2015 मध्ये बेटावर भीषण आगी लागल्या आणि बंदी कडक झाली. खरं तर 2009च्या पर्यावरण कायद्यातच कुटुंबामागे दोन हेक्टरपर्यंत पारंपरिक पद्धतीने जाळायला मुभा आहे. तरी सिंतांग जिल्ह्यात सहा शेतकऱ्यांवर खटला भरला गेला. 2020 च्या मार्चमध्ये ते निर्दोष सुटले.

कुणी विचारेल, अशा निसर्गरम्य ठिकाणी एखादा तुकडा विकत घेता येईल का? नाही. इंडोनेशियात परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. स्थानिकाच्या नावावर घेऊन आपली म्हणण्याचा व्यवहार कायद्याने रद्द ठरतो आणि जमीन सरकारकडे जाते. 'स्वस्तात मिळेल, नाव दुसऱ्याचं लावू' असं कुणी सुचवलं, तर तिथून उठावं.

तरुणांचं काय? इबानांत बजालाई नावाची जुनी रीत आहे. तरुणाने घर सोडायचं, दूर जाऊन कमवायचं, जग पाहायचं आणि काहीतरी घेऊन परतायचं. पूर्वी रांजण येत, आज पैसे आणि मोटारसायकल येते. गावाच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्यावरची बादाउची सीमा चौकी 2017 मध्ये नव्याने बांधली गेली. पलीकडे मलेशियाचं सारावाक, तिथे मजुरी जास्त. रस्त्याने शाळा आणि दवाखाना जवळ आला हे उत्तमच झालं. पण सगळेच गेले तर रानाची हद्द कुणाच्या आठवणीत राहणार, ही काळजी तिथल्या म्हाताऱ्यांना आहे आणि ती रास्त आहे.

तुम्हाला जायचं असेल तर पोंतियानाक हे विमानतळाचं मोठं शहर. तिथून पुतुसिबाउला छोटं विमान किंवा रात्रभराची बस. ती कापुआस नदीच्या वरच्या खोऱ्यात नेते. 1,143 किलोमीटर लांबीची ही इंडोनेशियातली सर्वांत मोठी नदी. पुतुसिबाउहून बादाउच्या रस्त्याने गाडी करायची. वाटेवरच्या दानाउ सेंतारुमच्या तळ्यांचं पाणी कोरड्या दिवसांत पार आटतं, म्हणून बोटीने फिरायचं असेल तर आधी चौकशी करा. रोख पैसे बरोबर ठेवा आणि हिवतापाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

घराच्या प्रमुखाला, म्हणजे तुआई रुमाहला, आधी कळवून जा. राहण्याचे जे पैसे ठरले असतील ते मनापासून द्या. बिलिकमध्ये बोलावल्याशिवाय पाऊल टाकू नका आणि फोटोआधी विचारा. भाताची दारू तुआक पुढे येईल, बांबूत शिजवलेली कोंबडीही येईल. खाणार-पिणार नसाल तर निदान बोट लावा. पुढे केलेलं तसंच नाकारलं तर वाटेत अपघात होतो, असं तिथे मानतात.