फॅमिलीसकट कॅनडाला येताय? नवऱ्याच्या स्कोअरसोबत बायकोच्या कामाचंही बघा

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ जरा मोठा होणारे, पण ज्यांच्या घरात सध्या कॅनडाचं चाललंय आणि नवरा, बायको, एक-दोन मुलं असं सगळ्यांनी यायचंय, त्यांनी शेवटपर्यंत बघा, आणि जमलं तर दोघांनी एकत्र बसून बघा. मला पुण्याहून, नाशिकहून, ठाण्याहून जे मेसेज येतात ना, त्यात बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ताई आमचा सीआरएस स्कोअर एवढा येतोय, होईल का. सीआरएस म्हणजे वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांवर कॅनडा सरकार देतं ते गुण, त्या स्कोअरचं सांगतेच. पण मला आज कळकळीने सांगायचंय ते वेगळं आहे. फाइल एकाच्या नावाने होते, राहायचं असतं चौघांनी, आणि त्या चौघांत सगळ्यात कमी विचार होतो तो बायकोच्या कामाचा. फाइल बायकोच्या नावाने असेल तर नवऱ्याच्या कामाचा. इथे आजूबाजूला मी जी मराठी घरं बघते, त्यांचं पहिलं वर्ष कसं गेलं हे बहुतेक वेळा यावरच ठरलेलं दिसतं.

मी ओंटारिओत, मिसिसागाला राहते, त्यामुळे आज बरंचसं ओंटारिओचं बोलेन. दुसऱ्या प्रॉविन्सचे नियम वेगळे असतात, तेवढं लक्षात ठेवा.

तर आधी स्कोअर. एक्स्प्रेस एन्ट्री, म्हणजे या गुणांवर माणसं निवडायची कॅनडा सरकारची पद्धत, 2015 ला सुरू झाली, स्कोअर असतो 1200 पैकी. वयाचे पॉइंट तिशीनंतर दरवर्षी कमी होत जातात आणि 45 ला शून्य. म्हणजे चाळिशीच्या आसपासची दोन मुलांची फॅमिली असेल तर इंग्लिश कितीही फर्डं असलं तरी गाडी अडतेच. आणि 2025 मध्ये जे ड्रॉ, म्हणजे अर्ज करायला बोलावण्याच्या फेऱ्या, निघाले ते बहुतेक सगळे कॅनडात आधीच काम केलेल्यांचे, प्रॉविन्सने निवडलेल्यांचे, फ्रेंच येणाऱ्यांचे, नाहीतर हेल्थकेअर, एज्युकेशन, आणि ट्रेड्स म्हणजे प्लंबर, इलेक्ट्रिशियनसारखी कामं करणाऱ्यांचे. पुण्यात बसून आयटीचा अनुभव आणि आयईएल्ट्सची इंग्लिश परीक्षा एवढ्यावर थेट पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, हे पाच-सहा वर्षांपूर्वी व्हायचं, आता त्या भरवशावर फ्लॅट विकायला काढू नका प्लीज. नोकरीच्या ऑफरचे जे 50 किंवा 200 पॉइंट मिळायचे तेही मार्च 2025 पासून बंद झालेत, त्यामुळे कुणी एजंट ऑफर लेटरचे लाखो रुपये मागत असेल आणि पॉइंट वाढतील म्हणत असेल तर सरळ उठून बाहेर या.

आता इथेच बायकोचा मुद्दा येतो बघा. अर्ज दोघांपैकी कुणाच्याही नावाने करता येतो, आणि तरी कितीतरी घरांत दुसऱ्याच्या नावाने स्कोअर काढूनच बघितलेला नसतो! बायको नर्स आहे, टीचर आहे, वयाने तीन-चार वर्षं लहान आहे, इंग्लिश जास्त चांगलंय, तरी फाइल नवऱ्याच्या नावाने, का तर सगळे तसंच करतात. दोघांचा काढा. आणि शाळा-कॉलेजात फ्रेंच घेतलं होतं असं कुणी असेल तर ते परत हातात घ्या, पुण्यात-मुंबईत अलियाँस फ्राँसेझ आहे. वर्ष-दोन वर्षं नेटाने करावं लागतं, चारही स्किलमध्ये लेव्हल 7 लागते, पण आज इतर कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

आणखी एक रस्ता अजूनही विकला जातोय, की एकाने स्टुडंट म्हणून जायचं, दुसऱ्याला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठेही नोकरी करायची परवानगी, मिळेल, मुलं फुकट शाळेत. जानेवारी 2025 पासून हे पूर्वीसारखं राहिलेलं नाही. स्टुडंटच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट आता साधारण 16 महिने किंवा त्याहून मोठ्या मास्टर्सला, पीएचडीला आणि काही ठरावीक प्रोफेशनल कोर्सेसनाच मिळतं. कॉलेजच्या एक-दोन वर्षांच्या डिप्लोमावर अख्खी फॅमिली आणायचा बेत कुणी सांगत असेल तर कॅनडा सरकारच्या साइटवर स्वतः जाऊन वाचा, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका.

बरं, समजा पीआर झालं. आता मला जे बोलायचंय ते. इथे काही प्रोफेशन्सना लायसन्स लागतं, डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट, फिजिओ, डेंटिस्ट, शाळेतले टीचर, आणि आपल्याकडून येणाऱ्या कितीतरी बायका नेमक्या याच कामातल्या असतात. आयटीवाला नवरा दोन-चार महिन्यांत कुठेतरी लागतो, आणि दहा-बारा वर्षं पेशंट बघितलेली बाई इथे घरात बसते, कारण कागदच नाहीत. शिक्षिकेचं उदाहरण सांगते. शिक्षकांना लायसन्स देणारी इथली संस्था, ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्स, मार्कशीट तुमच्या हातून घेत नाही, युनिव्हर्सिटीने थेट त्यांना ट्रान्स्क्रिप्ट पाठवायला लागते. आता तुम्ही मिसिसागात, युनिव्हर्सिटी महाराष्ट्रात, बी.एड. होऊन पंधरा वर्षं झालेली, कॉलेजचं नाव बदललेलं किंवा कॉलेज दुसऱ्या युनिव्हर्सिटीकडे गेलेलं, मग भावाला नाहीतर सासऱ्यांना परीक्षा विभागाच्या खिडकीवर उभं राहावं लागतं, अधिकारपत्र द्या, चलन भरा, पुढच्या सोमवारी या. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर गॅझेट किंवा अ‍ॅफिडेव्हिट वेगळं. हेच तुम्ही तिकडे असताना केलं तर रिक्षाने जाऊन होणारं काम आहे. नर्सिंगवाल्यांनी तर आणखी मनावर घ्या, एनक्लेक्स ही नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा भारतातल्या सेंटरवर देता येते. डॉक्टरांची एमसीसीक्यूई पार्ट वन ही परीक्षासुद्धा तिकडून देता येते. फार्मसिस्टनी पीईबीसीकडे, म्हणजे फार्मसीची परीक्षा घेणाऱ्या कॅनडातल्या बोर्डाकडे, डॉक्युमेंट इव्हॅल्युएशन तिकडूनच सुरू करावं. व्हिसा लागायची वाट बघत जे महिने जातात ना, ते यात घाला.

मग प्रश्न येतो, सगळ्यांनी एकदम यायचं की आधी एकाने. मी स्पष्ट सांगते, मुलं शाळेत असतील तर माझं मत आधी एकाने यावं असं आहे. पहिलं लँडिंग, म्हणजे पीआर घेऊन पहिल्यांदा कॅनडात उतरणं, मुख्य अर्जदाराने करायचं, बाकीचे त्याच्यासोबत किंवा नंतर येऊ शकतात, फक्त पीआरच्या कन्फर्मेशनच्या कागदावर जी तारीख असते तिच्या आत आलं पाहिजे, ती बहुतेक वेळा मेडिकलच्या तारखेवरून ठरते. एकजण येऊन घर, बँक, नोकरीचं बघतो, तोपर्यंत दुसऱ्याचा पगार तिकडे चालू राहतो आणि कागदांचं कामही होतं. मुलांना घेऊन एकटी आई किंवा एकटा बाबा प्रवास करणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र सोबत ठेवा, इमिग्रेशनला विचारू शकतात. आणि मुलांना जुलै-ऑगस्टमध्ये आणा. शाळा बहुतेक सप्टेंबरमध्ये लेबर डेच्या, म्हणजे पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या, दुसऱ्या दिवशी सुरू होतात, वर्गातल्या सगळ्यांचंच ते नवीन वर्ष असतं. जानेवारीत, बर्फात, वर्षाच्या मध्येच नवीन शाळेत उभं केलेलं मूल गप्प गप्प होतं हो, बघवत नाही.

शाळेचं जरा नीट सांगते. पब्लिक शाळा फुकट, पण पत्त्यावरून मिळते, म्हणजे भाड्याचं घर घेतानाच शाळा ठरते. इयत्ता जन्मवर्षावरून, तिकडे कितवीत होता याला फार महत्त्व नाही. ज्या वर्षी मूल चार वर्षांचं होतं त्या सप्टेंबरपासून ज्युनिअर किंडरगार्टन, तेही पूर्ण दिवस. लसीकरणाचं कार्ड हँडबॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. ओंटारिओत शाळेसाठी मेनिंजायटिसची लस लागते, 2010 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचीही, आणि आपल्या सरकारी वेळापत्रकात या दोन्ही नाहीत, त्यामुळे खासगी डॉक्टरकडे घेतल्या असतील तर त्याची नोंद तारखेसकट इंग्लिशमध्ये करून आणा. नसतील घेतल्या तर इथे मिळतात, घाबरायचं कारण नाही.

आणि डबा! हे मला प्रत्येक आईला सांगावंसं वाटतं. इथे प्रायमरी शाळांमध्ये शेंगदाणे चालत नाहीत बहुतेक ठिकाणी, कारण एखाद्या मुलाला त्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. ओंटारिओत तर त्यासाठी सब्रिनाज लॉ म्हणून कायदाच आहे, 2006 पासून लागू, प्रत्येक स्कूल बोर्डाला अ‍ॅलर्जीचं धोरण ठेवावं लागतं. आता आपलं काय असतं, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, पोळीसोबत दाण्याची चटणी, आणि खाऊ म्हणून चिक्की. भाजीत मिक्सरमधून फिरवलेलं कूट दिसतसुद्धा नाही, पण ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला पुरतं. म्हणून शाळेच्या दिवशी डब्याची भाजी ओलं खोबरं घालून वेगळी करायची, नाहीतर पराठा, थालीपीठ, दडपे पोहे दाणे न घालता. मुलांना आधीपासून शिकवून ठेवा की डबा शेअर करायचा नाही. आपल्याकडे वाटून खा म्हणून शिकवतो, त्यामुळे त्यांना हे उलटंच वाटतं, शांतपणे कारण समजावून सांगा. थंडीतही मधल्या सुट्टीत बाहेर खेळायला काढतात, त्यामुळे स्नोपँट, वॉटरप्रूफ हातमोजे आणि वर्गात घालायचे वेगळे बूट, हे लागतंच. ते इथे येऊनच घ्या, लहान मुलांचं वापरलेलं सामान स्वस्तात छान मिळतं.

मूल शाळेच्या वयाहून लहान असेल तर परत बायकोच्या कामाशीच येतो आपण. सरकारी योजनेतल्या डे-केअरला ओंटारिओत जानेवारी 2025 पासून दिवसाला जास्तीत जास्त 22 डॉलर अशी मर्यादा आहे, ऐकायला मस्त, पण जागा मिळायला लांबलचक वेटिंग. मग काय होतं, नवरा दिवसाची नोकरी करतो, बायको संध्याकाळी वेअरहाउसची किंवा स्टोअरची शिफ्ट, दारात एकमेकांच्या हातात बाळ आणि किल्ली. असं वर्ष काढणारी जोडपी मी बघते आणि त्यांच्याबद्दल मला खूप आदर आहे, पण लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास मग कधी करायचा तिने? पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात वेटिंग लिस्टला नाव टाका, मूल अजून भारतात असलं तरी विचारून बघा.

पैशाचं पटकन. आल्या आल्या सिन नंबर, म्हणजे नोकरी आणि टॅक्ससाठी लागणारा सरकारी नंबर, मग बँक, मग कॅनडा चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठी मिळणाऱ्या सरकारी पैशाचा अर्ज. पीआरवाल्या फॅमिलीला तो लगेच करता येतो, सहाखालच्या मुलाला वर्षाला जास्तीत जास्त आठ हजार डॉलरच्या आसपास, उत्पन्न वाढलं की कमी होतो, आणि बहुतेक वेळा आईच्या नावाने जमा होतो. पण दोघांनीही दरवर्षी टॅक्स रिटर्न भरलं पाहिजे, उत्पन्न शून्य असलं तरी, नाहीतर तो थांबतो. सरकारी उपचारांच्या हेल्थ कार्डाला ओंटारिओत आता तीन महिने थांबावं लागत नाही, ब्रिटिश कोलंबियात अजून थांबावं लागतं, तिथे तेवढ्या काळाचा खासगी इन्शुरन्स घ्याच. चष्मा, दात, औषधं यांचा बराचसा खर्च कार्डात येत नाही, म्हणून येण्याआधी सगळ्यांचे दात बघून घ्या.

घर भाड्याने घेताना मालक क्रेडिट स्कोअर मागतो आणि नवीन माणसाकडे तो नसतो, मग सहा-सहा महिन्यांचं आगाऊ भाडं मागितलं जातं. कायद्याने ओंटारिओत डिपॉझिट म्हणून फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं मागता येतं. आणि घर 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा राहायला दिलेलं असेल तर भाडेवाढीला सरकारी मर्यादा लागू होत नाही, नवीकोरी इमारत बघून भुलायच्या आधी हे विचारा.

सोन्याचं पण राहिलं! मंगळसूत्र, पाटल्या, सासूबाईंनी दिलेला लक्ष्मीहार, जे आणताय आणि जे नंतर आणणार आहात, त्याची यादी किंमत आणि फोटोसकट करा, विमानतळावर पहिल्या लँडिंगलाच कस्टम्सकडे बीएसएफ 186 फॉर्मवर द्या. यादीत नसलेलं पुढच्या ट्रिपला आणलं तर ड्युटी लागू शकते.

आणि आईवडील. त्यांना कायमचं आणण्यासाठी जी स्पॉन्सरशिप आहे, तिच्यासाठी नवीन नावं 2020 नंतर घेतलेलीच नाहीत, 2025 मध्येही तेव्हाच्याच यादीतून बोलावलं. उरतो सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांसाठीचा लांब मुक्कामाचा व्हिजिटर व्हिसा, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि तुमचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर लागतं. सत्तरी ओलांडलेल्या, डायबिटीस असलेल्या वडिलांचा तो प्रीमियम किती होतो याचं कोटेशन निघायच्या आधी काढा. तिकडे कोण बघणार, रात्री-अपरात्री हॉस्पिटलला कोण नेणार, हे भावंडांशी समोरासमोर बसून बोला, पैशाचंही बोला. बाळंतपणाला आई येईल, मुलांना आजी सांभाळेल, असं गृहीत धरून खूपजण येतात, आणि त्या गृहीत धरण्यावर परत बायकोची नोकरी अवलंबून असते.

तर आता कमेंटमध्ये स्कोअर लिहू नका. दोघांपैकी ज्याच्या नावाने फाइल नाहीये, ती व्यक्ती काय काम करते आणि तुम्ही कुठल्या प्रॉविन्सला निघालात, एवढं लिहा. ज्या कामाबद्दल सगळ्यात जास्त जण विचारतील, त्याच्या लायसन्सचा व्हिडिओ मी पुढच्या आठवड्यात करते, कागदपत्रांसकट.