जर्मनीची वाइन, पण जर्मनचं पातेलं नको

[दृश्य: कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर, संध्याकाळ. निम्मं ओढलेलं शटर. आत भट्टीचा तांबडा उजेड.]

निवेदन:
लोखंड साधारण १४०० अंशांच्या आसपास ओततात. उद्यमनगरात हयात गेलेल्या माणसाला त्यासाठी मीटर बघावा लागत नाही. तो रंग बघतो. भट्टीच्या तोंडाशी डोळे बारीक करून उभा राहतो आणि म्हणतो, "अजून न्हाई." पोरं थांबतात. मग एकदम, "हं, ओता."

आमचे मामा त्यातलेच. पण ही फिल्म ओतकामाची नाही. एका पातेल्याची आहे. त्यात मामांना १४०० नव्हे, ७० अंश सांभाळायचे होते. आणि पहिल्या खेपेला ते त्यांना जमले नाहीत.

[दृश्य: घराची गच्ची. सतरंजी, गॅसची छोटी शेगडी, कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल कुणीतरी घाईनं उचलतंय.]

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. कोल्हापूरची थंडी काही दात वाजवणारी नव्हे. रात्री पारा पंधराच्या आसपास येतो, रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या डोक्यावर कानटोप्या चढतात, आणि गच्चीवर जमायला निमित्त मिळतं. एरवी ते निमित्त म्हणजे तांबडा-पांढरा. यंदा भाचा जर्मनीहून आलाय. त्याच्या बॅगेतून चॉकलेटं निघाली, आजीसाठी स्वेटर निघाला, आणि शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाडजूड कप.

हा कप नाताळच्या बाजारातला. तिकडं चौकाचौकात लाकडी टपऱ्या लागतात आणि गरम, मसालेदार वाइन अशा कपांतून मिळते. कपाचे पैसे अनामत ठेवायचे, कप परत दिला की पैसे परत. याने दिला नाही. ड्रेस्डेन शहरातला असा बाजार १४३४ सालापासूनचा आहे. त्या पेयाला ते म्हणतात ग्ल्यूवाइन. 'ग्ल्यूएन' म्हणजे लालबुंद होणं, तापलेलं लोखंड होतं तसं. पूर्वी तापवून लाल केलेली सळई वाइनमध्ये बुडवायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

इथपर्यंत मामा मोबाइलमध्ये होते. सळई म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

[दृश्य: लक्ष्मीपुरी. मसाल्याच्या दुकानातली पोती. आजीचा हात, जवळून. अंगठ्याचं नख लवंगेवर दाबलेलं.]

खरेदी आजीच्या ताब्यात. लवंग ती अशी नखानं दाबून घेते. तेल सुटलं तर ठीक, नाहीतर "ह्यातलं तेल आधीच काढून घेतलंय" म्हणून पुढच्या पोत्याकडं. दालचिनीत दोन जाती समोर आल्या. एक जाड, खरबरीत सालीची, आपल्या रोजच्या मसाल्यातली. दुसरी पातळ, कागदाच्या सुरळीसारखी, श्रीलंकेची. जाड साल वासाला झणझणीत, पातळ साल गोडसर. वाइनला मी पातळ घ्या म्हणेन, पण जाड चालत नाही असं नाही. निम्मी घाला.

दोन बाटल्यांना, म्हणजे दीड लिटर वाइनला, लागलं ते एवढंच: बोटभर लांबीच्या दोन दालचिन्या, आठ लवंगा, दोन बादियान म्हणजे चक्रफुलं, चार हिरव्या वेलच्या, आल्याचा एक तुकडा, दोन संत्री. आजीनं ते हातावर घेऊन पाहिलं आणि विचारलं, "एवढंच?"

तिचं बरोबर आहे. आपल्याकडं मसाला म्हणजे तेलावर भाजायचा, डंकावर कुटायचा, सढळ हातानं घालायचा. इथं भाजायचं नाही, कुटायचंही नाही. पूड घातली की ती गाळूनही निघत नाही, तळाला चिखल होतो आणि घोट कडवट लागतो. आणि वासाचं म्हणाल, तर लवंग-दालचिनीतली सुगंधी तेलं पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात. अख्खा मसाला टाकून नुसतं थांबलं तरी तो आपलं काम करतो. लवंग जास्त झाली तर मात्र जीभ बधिर होते. दातदुखीवर जे तेल लावतात ते हेच.

"म्हंजे काढाच की रं हा," आजी म्हणाली. "सगळं आपलंच."

सगळं नाही. लवंग मूळची इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची. पण मिरीपुरतं आजीचं म्हणणं खरं आहे. रोमन लोक वाइनमध्ये मध आणि मिरी घालायचे, आणि त्यांच्याकडं मिरी जायची ती मलबारच्या किनाऱ्यावरूनच.

[दृश्य: गच्ची. दोन बाटल्यांची बुचं. एक फिरकीचं, एक कॉर्कचं. कॉर्क अर्धा तुटून आत पडतो, कुणीतरी हसतं.]

वाइन नाशिककडची. लाल, कोरडी, म्हणजे गोड नसलेली, शिराझ द्राक्षाची. महाग बाटली यासाठी फोडू नये. ओकच्या पिंपात मुरवलेल्या वाइनचे बारकावे लवंगेपुढं टिकत नाहीत, पैसे मात्र गेलेले असतात. राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं, त्यानंतर नाशिकच्या शिवारात वायनऱ्या वाढत गेल्या. त्यामुळं आता परवडणारी बरी लाल वाइन शोधायला लांब जावं लागत नाही.

आता गोडी. भाचा म्हणाला साखर. घरात एकदम शांतता. कोल्हापुरात, गुऱ्हाळं पेटलेली असताना, साखर? मामींनी ढेप पुढं केली.

[दृश्य: किसणीवर गूळ. तांबूस भुगा ताटलीत.]

मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून सांगतो. साखरेनं वाइनची चव जशीच्या तशी राहते. गुळानं ती जमिनीकडं झुकते, थोडी खारट, थोडी मळीची. वाइन जराशी गढूळही दिसते. पण थंडीत, आल्याबरोबर, मला तीच आवडते. फक्त गूळ थेट वाइनमध्ये टाकू नका. फुलपात्रभर पाण्यात शंभर ग्रॅम गूळ, सगळा मसाला आणि संत्र्याची साल घालून दहा मिनिटं उकळा. उकळायचं ते इथं, हवं तेवढं. साल सोलताना आतला पांढरा पापुद्रा येऊ देऊ नका, कडूपणा त्यात असतो. मग हे पाणी गाळून घ्या, गुळातला कचरा गाळणीत राहतो. मसाला वेचून परत पातेल्यात टाका. आणि त्यावर वाइन.

पातेलं कसलं? मामींनी सवयीनं आणलं ते जर्मनचं. म्हणजे आपलं अॅल्युमिनियमचं, ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या जर्मनचं भांडं म्हणतो. भाच्यानं ते हात जोडून परत पाठवलं. वाइन आंबट असते, अॅल्युमिनियमशी तिचं जमत नाही, धातूची चव उतरते. तेव्हा जर्मनीची वाइन, पण जर्मनच्या पातेल्यात नाही. स्टीलचं घ्या.

[दृश्य: पातेलं शेगडीवर. मामा गॅसचा खटका फिरवतात. मोठा जाळ.]

मामांनी जाळ मोठा केला. पाहुणे जिना चढत होते, त्यांना घाई झाली असावी. भाचा खाली कप आणायला गेला होता. तो वर येईपर्यंत पातेलं खळखळत होतं.

[थोडा वेळ फक्त उकळण्याचा आवाज.]

निव्वळ अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. वाइनमध्ये पाणी जास्त, म्हणून ७८ला पातेलं लगेच खळखळत नाही. पण त्याच्या पुढं गेलं की अल्कोहोल आणि त्याच्याबरोबर फळाचा वास वाफेवर निघून जायला लागतो. मागं उरतं ते आंबट, तुरट आणि शिजलेल्या जांभळासारखं काहीतरी. आम्ही प्यायलो. पाहुण्यांनीही "छान आहे" म्हणत प्यायलं. समोरच्या गच्चीवरून आवाज आला, "काय ओ, रस्सा हाय काय?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दोन बाटल्या आणायला पोराला पिटाळलं.

[दृश्य: मंद निळी ज्योत. पातेल्यात बुडवलेला काट्याचा थर्मामीटर. ४८. ५३.]

दुसऱ्या खेपेला मामा पातेल्यापाशी मांडी घालून बसले. भाचा आकडे वाचत होता. मामा आकड्यांकडं बघत नव्हते. ते वाइनच्या पाठीकडं बघत होते. पन्नासला नुसता ओलसर वास. साठच्या पुढं कडेनं बारीक वाफेचे दोरे. मग वाफ मध्यभागी येते, पृष्ठभाग जरा थरथरतो, पण बुडबुडा नाही. "हितं," मामा म्हणाले आणि ज्योत टिपक्याएवढी केली. थर्मामीटर ६९.

असंच झाकण ठेवून वीस मिनिटं. मसाला त्यात उतरतो.

स्वीडनमध्ये अशाच गरम वाइनमध्ये बेदाणे आणि सोललेले बदाम टाकतात, चमच्यानं खातात. आमच्याकडं बेदाणे तासगावचे, आणि बदामाऐवजी काजू, आजऱ्याचे. बेदाणा फुगून टपोरा होतो, दातांखाली फुटतो. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

आजी आणि पोरांसाठी वेगळं पातेलं. तोच मसाला, अमृत कोकम आणि पाणी. त्यात गूळ घालायचा नाही, अमृत कोकम मुळातच गोड असतं. रंग इतका हुबेहूब की कप बदलू नयेत म्हणून मामींनी त्यांच्या कपांना रबरबँड लावले. हे करायलाच हवं होतं, कारण गरम केली की दारू उडून जाते हा समज खोटा आहे. सत्तर अंशांवर, झाकण ठेवून, बहुतेक सगळी तशीच राहते. पाहुण्यांच्या गाडीच्या किल्ल्या त्या रात्री आजीच्या उशाखाली होत्या.

[दृश्य: रात्र. पाहुणे गेलेत. पातेल्यात तळाला थोडी वाइन, एक बादियान.]

उरलेली मामांनी परत शेगडीवर ठेवली. भाच्याला म्हणाले, "ते तुझं यंत्र काढ बाहेर." थर्मामीटर निघाला. मामा बघत बसले. मधेच बोटानं बेदाणा ढकलल्यासारखं केलं, हात मागं घेतला, परत बघत बसले.

"हं. आता घाल."

काटा आत गेला. थरथरला. एकाहत्तर.

मामांनी कप बाजूला सारला, बशी घेतली, चहा ओततात तशी वाइन बशीत ओतली आणि फुंकर मारली.

[पडदा काळा. बशीतला घोट ओढल्याचा आवाज.]