न कापलेला तुकडा काय सांगतो?

(ठाण्यात विज्ञानाचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, डीएनएच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते सांगा, असं संयोजकांनी मला सांगितलं. तंत्रं पुष्कळ आहेत, पण नुसती नावं ऐकून तुमच्या हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच तपासणी घेते, सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक आजाराची. विदर्भातला, नंदुरबारकडचा आजार म्हणून आपण त्याकडे बघतो, पण आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांमध्ये आणि शेजारच्या पालघरमध्येही तो आहे.

डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका जागी जीएजी अशी तीन अक्षरं असतात. सिकलसेलमध्ये मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत, त्यातलं हे एक. ते बदललंय की नाही, हे ओळखायचं कसं?

आधी रक्त. ते जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणारं ईडीटीए असलेल्या नळीत घ्यायचं. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण ते पुढच्या पीसीआरमध्ये अडथळा आणतं. आजार तांबड्या पेशींचा, पण आपल्या परिपक्व तांबड्या पेशींमध्ये केंद्रकच नसतं. त्यामुळे डीएनए मिळवायचा तो पांढऱ्या पेशींमधून. तांबड्या पेशी फोडून टाकायच्या, पांढऱ्या पेशी डिटर्जंटने उघडायच्या, प्रथिनं एन्झाइमने पचवायची आणि शेवटी मीठ व थंडगार अल्कोहोल घालायचं. पांढरे धागे तरंगू लागतात. पहिल्यांदा ते पाहणाऱ्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र. कॅरी मुलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली, १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नळी ९५ अंशांच्या आसपास तापवली की डीएनएचे दोन पदर सुटतात. तापमान उतरवलं की प्रायमर, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या टोकांशी जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे, आपापल्या जागी बसतात. ७२ अंशांवर टॅक पॉलिमरेज नवा पदर विणतं. हे एन्झाइम अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या जिवाणूचं, म्हणून उकळत्याच्या जवळच्या तापमानातही ते टिकतं. प्रत्येक फेरीत तुकडे दुप्पट होतात, असं धरलं तर ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे १०० कोटींहून जास्त होतात.

आता कात्री लागते. जिवाणू विषाणूंचा डीएनए कापायला जी एन्झाइम वापरतात, तीच आपण उसनी घेतली. १९७८ चं नोबेल आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना याच कामासाठी मिळालं. आपल्याला हवं असलेलं एन्झाइम डीडीई-वन. सी, टी, कोणतंही एक अक्षर, मग ए, जी, एवढं दिसलं की ते कापतं. निरोगी जनुकात त्या जागी सीटीजीएजी आहे. सिकलसेलमध्ये तिथेच सीटीजीटीजी होतं आणि एन्झाइमला कापायची जागा उरत नाही.

हे तुकडे अॅगारोजच्या जेलमध्ये घालून वीज सोडायची. डीएनएवर ऋण भार असतो, तो धन टोकाकडे धावतो. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. आपल्या पीसीआरच्या तुकड्यात डीडीई-वनची ही एकच जागा आहे असं समजा. निरोगी माणसाचे दोन बँड, म्हणजे दोन पट्टे, दिसतील. आजारी माणसाचा एकच, लांब. वाहकाचे, म्हणजे ज्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली आहे त्याचे, तीन, कारण त्याची एक प्रत कापली जाते आणि एक नाही.

इथे मी थांबणार आहे. मुलांनो, हे नीट ऐका. तुकडा कापला गेला नाही, याचा अर्थ जागा नव्हती. किंवा एन्झाइम मेलेलं होतं. जेल पाहून हा फरक कळत नाही! एन्झाइम फ्रीझरबाहेर फार वेळ राहिलं, डीएनएसोबत अल्कोहोल उरलं, की निरोगी बाळ आजारी दिसू शकतं. त्याहून फसवं म्हणजे अर्धवट कापणं. निरोगी नमुना अर्धाच कापला गेला तर तीन बँड येतात, म्हणजे तो हुबेहूब वाहकासारखा दिसतो.

म्हणून त्याच जेलमध्ये, त्याच एन्झाइमने कापलेला, आधीपासून माहीत असलेला निरोगी नमुना हवा. तो पूर्ण कापला गेलेला दिसला पाहिजे. माहीत असलेला वाहकही हवा. पण शेजारची नळी कापली गेली म्हणून रुग्णाची नळीही कापली गेली असेलच, असं नाही. यावर जाणकारांनी सुंदर उपाय काढला आहे. पीसीआरचा तुकडा असा निवडायचा की त्यात डीडीई-वनची आणखी एक जागा असेल, जी सिकलसेल असो वा नसो, कापली जातेच. ती कापलेली दिसली तरच रुग्णाच्या नळीत एन्झाइम चाललं असं म्हणायचं. मला या सगळ्या तपासणीतली सर्वांत हुशार गोष्ट हीच वाटते.

आणि एक नळी नुसत्या पाण्याची. बाकी सगळं घालायचं, फक्त डीएनए नाही. तिच्यात बँड आला तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द. जुन्या पीसीआरचा हवेत उडालेला एक सूक्ष्म थेंबही पुरतो. म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळेत पीसीआरच्या आधीचं आणि नंतरचं काम वेगळ्या खोल्यांत चालतं, पिपेटही वेगळे असतात. पाण्याच्या नळीचा खर्च वाचवणाऱ्या कुणाच्याही रिपोर्टवर मी विश्वास ठेवणार नाही.

रिकॉम्बिनंट डीएनएत, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचा डीएनए एकत्र जोडण्याच्या तंत्रातही, अशीच पडताळणी लागते. याच कात्र्या आणि लायगेजचा डिंक वापरून कोहेन आणि बॉयर यांनी १९७३ मध्ये जोडलेला डीएनए जिवाणूत घातला. १९८२ मध्ये जिवाणूंनी बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. १९९७ मध्ये हैदराबादची हेपॅटायटिस-बीची रिकॉम्बिनंट लस बाजारात आली. जोडलेला डीएनए जिवाणूत नेतो तो प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं. त्यावर अँपिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक असेल तर तो मिळालेले जिवाणूच अँपिसिलिनवर वाढतात. पण तिथेही अँपिसिलिनच्या प्लेटवर वसाहती उगवल्या म्हणून नाचायचं नसतं. प्लास्मिड न घातलेले जिवाणूही अँपिसिलिनच्याच वेगळ्या प्लेटवर पसरायचे. तिथेही वसाहती आल्या तर अँपिसिलिन निकामी झालंय.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे : ‘आम्ही दोघंही वाहक आहोत, काय करावं?’ ताई, वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. तुम्ही वाहक आहात हे कळायला बहुधा हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी तपासणी (नुसतं प्रमाण मोजणारी नव्हे) पुरते. डीएनए तपासणीची खरी गरज पोटातल्या बाळासाठी पडते, तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला वारेचा नमुना घेऊन. त्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळण्याचा धोका असतो, त्यामुळे तुमचं रक्तही सोबत तपासायला मागतील. ते जरूर द्या, आणि बाळाच्या नमुन्यात आईचा डीएनए नाही याची खात्री केली का, हे रिपोर्ट घेताना विचारा.