भुई हलली तेव्हा पोटात असलेलं बाळ

नमस्कार, श्रोतेहो. गरोदरपणातला ताण बाळापर्यंत पोचतो का, असं पुष्कळ जणी मला विचारतात. पोचतो. पण त्याआधी मला तुम्हाला एका बाजेपाशी न्यायचंय.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा नर्स होते. जवळच्याच एका गावात आमची ड्युटी लागली. तिथे एक पोर होती, जेमतेम विशीची, सहावा महिना. माळवद कोसळलं त्यातून ती जिवंत निघाली, तिची जाऊ निघाली नाही. राहायला पत्र्याची शेड मिळाली, पण ही आत पाऊल टाकेना. डोक्यावर छप्पर आलं की अंग कापायचं. मग सासूने लिंबाखाली बाज टाकली. रोज रात्री सुनेच्या पदराला आपला पदर गाठ मारून ती शेजारी झोपायची. सून दचकली की पदर ओढला जायचा, म्हातारी उठायची, पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवत बसायची.  

बाळ तीन आठवडे आधीच आलं. दोन किलोच्या जरासं वर. पत्रा वाजला तरी हात फेकायचं, रडू लागलं की तासभर थांबायचं नाही. पोर मला म्हणाली, "सिस्टर, म्या लई भ्यालते. त्येच लेकरात उतरलं का?" मी काही बोलायच्या आत सासू म्हणाली, "भुई हालली बाई. तू न्हाईस हालवली." आणि बाळाला तिच्या उघड्या छातीशी ठेवून वर लुगडं पांघरलं.

आता थोडं शास्त्र. ताणाने आईच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लासेंटा, त्यातलं बरंचसं अडवते, सगळं नाही. म्हणून मोठा, लांबलेला ताण असेल तर बाळ लवकर येण्याची, वजन कमी भरण्याची शक्यता वाढते. 1998 च्या जानेवारीत कॅनडातल्या क्वीबेकमध्ये हिमवादळाने लाखो घरांची वीज गेली. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा माग सुझॅन किंग या संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं ठेवला. त्या ताणाच्या खुणा सहा महिन्यांच्या बाळांच्या स्वभावात दिसल्या. ज्या आयांचे हाल जास्त झाले, त्यांची मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा भाषेतही मागे होती.

शक्यता वाढते, म्हणाले मी. पुन्हा सांगते, शक्यता वाढते, ठरून जात नाही. घरातल्या एखाद्या भांडणाने, ऑफिसातल्या एका वाईट दिवसाने बाळाचं काही बिघडत नाही. आणि अशा बाळाला "किरकिरं" म्हणून शिक्का मारू नका. तो शब्द मला मुळीच सहन होत नाही. बाळाला कूस लागते, सावकाश आवाज लागतो.

आणि घरच्यांनो, "टेन्शन घेऊ नकोस" एवढं बोलून उठू नका. तिच्या हातातली पाण्याची कळशी घ्या, रात्री तिच्यासोबत जागा. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, रडू आवरत नाही, असं असेल तर तपासणीला सांगा, आशाताईला सांगा. किंवा टेलीमानसला, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर आहे 14416. लिहून घ्या, एक चार चार एक सहा.