हरिपूरची पेवं आणि महापूर

(ड्रोनमधून दिसणारा संगम. एकीकडून कृष्णा, दुसरीकडून वारणा.)

सांगलीला खेटून असलेलं हे हरिपूर. कोयनेचं पाणी कऱ्हाडला पोटात घेऊन कृष्णा इथं येते, चांदोलीकडून वारणा येते. दोन्ही एकाच वेळी फुगल्या की एक दुसरीला वाट देत नाही आणि पाणी मागं सरकतं, गावात, शेतात, सांगलीच्या पेठांत.

पण आपण आधी जमिनीखाली जाऊ.

(पेवाचं तोंड. बाजूला सरकवलेली फरशी.)

हे पेव, हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड एवढंच, की एक माणूस अंग चोरून आत जाईल. खाली मात्र रांजणासारखं पोट सुटलेलं, २० ते ३० फूट खोल. हरिपूरची माती चिवट, तिच्यात पाणी मुरत नाही, म्हणून हा उद्योग इथंच रुजला. आतल्या भिंती शेणानं सारवायच्या, उसाचं पाचट लावायचं, वरून हळद ओतायची. तोंडावर फरशी, फरशीवर माती. आत हवा नाही, उजेड नाही, त्यामुळं कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते, रंगही चढतो, असं व्यापारी सांगतात. वीज नाही, औषध नाही, भाडं नावापुरतं. शीतगृहाचं बिल भरणाऱ्यानं हे जरा ऐकावं.

(दोराला बांधलेला कंदील खाली जाताना.)

पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. कोंडलेली हवा जाऊ द्यायची, काही तास थांबायचं. मग कंदील सोडायचा. विझला, तर अजून वेळ आहे. तेवत राहिला, तर कमरेला दोर बांधून माणूस आत जातो, पोती भरतो, वरचे ओढून घेतात. यात घाई करणाऱ्यांचे जीव गेलेत, म्हणून जुने हमाल कंदिलावर डोळे लावून बसायचे.

(पुराची जुनी छायाचित्रं. पाण्यात उभी घरं.)

२००५ चा महापूर. मातीतून झिरपत नाही ते पाणी वरून, तोंडातूनच आत उतरलं. हळद भिजली, कुजली, पेवं ढासळली. व्यापार गोदामांकडं वळला तो वळलाच.

(सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल. खांबावरचे फुटांचे आकडे.)

इथं ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली, १७ जण गेले. २०२१ ला पुन्हा पूर.

(बुजलेल्या पेवांची जागा. वर गवत, कडेला नवी बांधकामं.)

पडलेल्या घराचा, वाहून गेलेल्या जनावराचा पंचनामा होतो. जमिनीखालच्या पेवाचा कोण करणार? आमचं म्हणणं इतकंच, की राहिलेल्यांतली दोन-चार पेवं तरी नीट करावीत. तोंडं पूररेषेच्या वर उचलून घ्यावीत, एखाद्या हंगामाची हळद त्यांत भरून बघावी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फलक बाजारात झळकतात. त्यातल्या एखाद्या फलकाच्या खर्चात एक पेव सारवून होईल. सारवायचं कसं, हे सांगणारे आज गावात आहेत, पण त्यातला एकही साठीच्या आतला नाही.