बाटलीला सोनेरी रंग कशासाठी?

अध्यक्षमहोदय आणि रसिकहो, सापडलेल्या वस्तूंमधून घडवलेली कला कशी पाहावी, हा आजचा जाहीर विषय आहे आणि अशा कलेची तीन लक्षणे सांगण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे. त्याआधी मात्र एक तक्रार मांडतो, कारण ती बरीच वर्षे मनात साचलेली आहे आणि ती ऐकून घेणारे इतके श्रोते मला घरी मिळत नाहीत.

उपनगरातल्या एका शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धेचा परीक्षक म्हणून मी गेलो होतो. आईस्क्रीमच्या काड्यांची घरे रांगेने मांडलेली होती आणि त्यांतल्या एकाही काडीला आईस्क्रीमचा डाग नव्हता. चौकशी केल्यावर कळले, की अशा काड्यांचा नवाकोरा पुडा समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो आणि स्पर्धेच्या आठवड्यात तो संपतो. एका बाईंनी तर कौतुकाने सांगितले, की रिकामी बाटली वेळेवर मिळेना, म्हणून रात्री भरलेली बाटली आणून तिच्यातले पाणी तुळशीला घातले. पहिले बक्षीस ज्या मोराला मिळाले, त्याचे अंग बाटलीचे, पिसारा थर्माकोलचा, डोळे टिकल्यांचे आणि वरून सगळ्यावर सोनेरी फवारा होता. मी त्याला गुण दिले नव्हते. पण परीक्षक तिघे होते आणि लोकशाहीत असे व्हायचेच.

आता हाच मोर धारावीतल्या तेरा कंपाउंड नावाच्या भंगाराच्या वस्तीत नेऊन दाखवा. तिथला कारागीर बाटली हातात घेताच झाकण आणि गळ्यातले कडे वेगळे करतो, कारण बाटलीचे प्लास्टिक एका जातीचे असते आणि झाकणाचे दुसऱ्या. दोन्हींचे तुकडे पाण्यात टाकले तर बाटलीचे तळाला जातात आणि झाकणाचे तरंगतात. एखाद्या तुकड्याची जात कळली नाही, तर तो जाळून धुराच्या वासावरून ओळखणारी माणसे तिथे आहेत. पुढे जातवार आणि रंगवार वेगळे केलेले प्लास्टिक दळून, धुऊन, छपरांवर वाळवले जाते आणि त्यातले बरेचसे वितळवून त्याचा दाणा पाडला जातो. आपल्या मोराला मात्र तो कारागीर हात लावणार नाही, कारण रंग, गोंद, थर्माकोल आणि चमकी यांनी माखलेल्या बाटलीला भाव नाही. म्हणजे जी वस्तू विकली जात होती, तिचा आपण खराखुरा कचरा केला आणि वर प्रमाणपत्रही घेतले!

माझा मुद्दा इथे आहे. या मुंबईत रद्दीला दर आहे, दुधाच्या धुतलेल्या पिशवीला दर आहे, तारेतल्या तांब्याला तर आहेच. जुन्या साड्यांवर बोहारणीशी घासाघीस करून पातेले मिळवण्याची विद्या इथल्या कित्येक गृहिणींना येते. अशा शहरात कलावंत जे उचलतो ते फुकटचे नसते. भंगारवाल्याच्या ताटातले असते. तेव्हा भंगारवाला त्या वस्तूचे जे करतो, त्याहून वेगळे आणि अधिक काही आपण करणार आहोत का, हे कलावंताने आधी ठरवले पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि त्यानंतर या सभागृहात भावगीतांचा कार्यक्रम आहे, तेव्हा तीन लक्षणे आता घाईने सांगतो.

पहिले लक्षण जोडणीचे. चांगल्या कामात जोड लपवलेला नसतो आणि शक्यतो तो सोडवता येतो. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून मुलांना भूमितीचे आकार करायला शिकवले. त्रिकोण सोडवून आणखी एक काडी जोडली की चौकोन होतो. बरीच वर्षे नायजेरियात काम केलेले घानाचे शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची बुचे चपटी करून तांब्याच्या तारेने विणतात. तो भिंतभर पडदा लांबून भरजरी वस्त्रासारखा दिसतो आणि जवळ गेले की बुचावरचे दारूचे नाव वाचता येते.

दुसरे लक्षण, वस्तूचे पूर्वायुष्य पुसलेले नसावे. पिकासोने 1942 मध्ये सायकलचे सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. बैल दिसतो आणि सायकलही दिसत राहते. पुढे त्याच्या ब्राँझच्या प्रती काढल्या गेल्या. माझ्या मते तिथेच निम्मी गंमत गेली, कारण चामडे आणि धातू यांतला फरक ब्राँझने एकसारखा करून टाकला. सोनेरी फवाऱ्याबद्दल माझे म्हणणे याहून वेगळे नाही.

तिसरे लक्षण, ती वस्तू तिथलीच का, याचे उत्तर कामात असावे. नेकचंद हे चंडीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक. नवे शहर उभारण्यासाठी जी गावे पाडली गेली, त्यांच्या ढिगाऱ्यातल्या बांगड्या, कपबश्या, फरश्या जमवून त्यांनी सरकारी जागेत चोरून बाग रचली आणि 1976 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आपल्या मुंबईच्या हेमा उपाध्याय यांनी पत्रा आणि गाड्यांचे भंगार वापरून धारावीच्या छपरांची चिमुकली वस्ती उभी केली, तेव्हाही ज्या मालावर ती वस्ती जगते, तोच माल त्यांनी हाती घेतला होता.

कलावंत विवान सुंदरम यांच्या कचऱ्यावरच्या छायाचित्रांविषयी बोलायचे राहिले, पण तबलजी दारात उभे आहेत. शाळांचे कोणी शिक्षक इथे असतील, तर त्यांना एवढीच विनंती करतो, की पुढच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून एखाद्या भंगारवाल्याला बोलवावे.