पंचायतीपर्यंत आलेली केबल

(दृश्य: नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुका. डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे, दूरच्या माथ्यावर एक टॉवर.)

आपण मोबाईलचे रिचार्ज करतो, तेव्हा त्या रकमेतला एक छोटा हिस्सा अशा पाड्यांच्या नावाने बाजूला निघतो. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित सकल महसुलाच्या (म्हणजे एकूण महसुलातून ठरावीक वजावटी करून उरलेल्या रकमेच्या) 8 टक्के रक्कम परवाना शुल्क म्हणून केंद्र सरकारकडे भरतात आणि त्यातला, याच महसुलाच्या 5 टक्के इतका भाग ग्रामीण व दुर्गम भागातील सेवेसाठी राखलेला असतो. हा सार्वत्रिक सेवा दायित्व निधी 1 एप्रिल 2002 पासून अस्तित्वात आहे, त्याला 2003 च्या कायदादुरुस्तीने वैधानिक दर्जा मिळाला आणि 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी असे झाले. भरणा कंपन्या करत असल्या, तरी हा पैसा मुळात ग्राहकांच्या खिशातून येतो. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकारही म्हणूनच ग्राहकांचा आहे.

अशा निधीची गरज का पडते, हे या डोंगरांकडे पाहिले की कळते. शहरात एका टॉवरवर हजारो ग्राहक असतात. येथे तेवढ्याच खर्चाच्या टॉवरला मोजकी घरे लाभतात, वीज बेभरवशाची असते आणि टॉवरपर्यंत केबल नेणे परवडत नाही. बाजाराच्या हिशेबात हा पाडा कधीच बसणार नाही. त्यामुळे अनुदान द्यावे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. पैसा कशासाठी दिला आणि त्या बदल्यात काय मिळाले, हे मात्र विचारावे लागते.

पहिली अडचण निधीच्या मांडणीतच आहे. कंपन्यांनी भरलेली रक्कम थेट या निधीत न जाता आधी भारताच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेने तरतूद केल्यावरच ग्रामीण कामांसाठी मिळते. गावांच्या नावाने गोळा झालेला पैसा आणि प्रत्यक्षात निधीकडे वळवलेला पैसा यांतील तफावतीवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालांतून बोट ठेवले आहे. कंपन्यांची संघटना याच शिलकीकडे बोट दाखवून निधीसाठीचे शुल्क कमी करण्याची मागणी करते. ही मागणी मला पटत नाही. पैसा वेळेवर खर्च झाला नाही, याचा अर्थ गावांची गरज संपली असा होत नाही.

(दृश्य: रस्त्याकडेची खोदाई, जेसीबी, तुटून वर आलेली काळी केबल.)

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच निधीतून उभारायच्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला, म्हणजे केबलने पंचायतींपर्यंत इंटरनेट नेण्याच्या योजनेला मंजुरी दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडण्याचे ठरले होते आणि खर्चाचा अंदाज 20,000 कोटी रुपयांच्या आसपास होता. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यातील एक लाख पंचायतींचे काम पूर्ण व्हायला 2017 चा डिसेंबर उजाडला. तोवर योजनेचे नाव भारतनेट झाले होते. आज दोन लाखांहून अधिक पंचायती सेवेसाठी सज्ज असल्याची सरकारी नोंद आहे. पण पंचायतीत केबल पोहोचली आणि यंत्र बसले की पंचायत सज्ज ठरते. तेथून रोज नेट चालते का आणि किती घरे ते वापरतात, हे या आकड्यावरून समजत नाही.

सज्ज पंचायतीतले नेट बंद पडायला जाळ्याची रचनाही कारणीभूत आहे. तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली केबल बहुतेक ठिकाणी एकाच सरळ मार्गाने पुढच्या पंचायतींपर्यंत गेली. रस्ता रुंदीकरणात, जलवाहिनीच्या खोदाईत किंवा पावसाळ्यात दरड कोसळून ती एका जागी तुटली, की तिच्या पुढच्या साऱ्या पंचायती बंद पडतात. दुरुस्तीचा स्वतंत्र आणि पुरेसा खर्च आधीपासून बांधून दिला नसेल, तर केबल जोडायला येणार कोण? पंचायतीतली बॅटरी उतरली, वीजबिल थकले किंवा राऊटर जळाला, तर त्याची जबाबदारी कोणाची, हे ग्रामसेवकालाही सांगता येत नाही.

(दृश्य: रास्त भाव दुकानासमोरची रांग, अंगठ्याचे यंत्र.)

आणि नेमक्या याच काळात शासनाने आपला कारभार नेटवर आणला. शिधा घेताना अंगठा लागतो, रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी ॲपवर घेतली जाते, शेतकऱ्याने ई-पीक पाहणी मोबाईलवर नोंदवायची असते. रेंज नसेल तर त्या दिवशीचे धान्य किंवा मजुरी अडकते आणि एवढी पायपीट करून आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. जे सरकार नेटशिवाय हक्क देत नाही, त्याने नेट देणे हेही आपले कर्तव्यच मानले पाहिजे.

यात कंपन्यांची जबाबदारी कोठे सुरू होते? शुल्क भरले की आपले कर्तव्य संपले, अशी भूमिका घेणे त्यांना सोयीचे आहे. परंतु ज्या रेडिओलहरींवर त्यांचा सारा व्यवसाय उभा आहे, त्या सार्वजनिक मालकीच्या आहेत. स्पेक्ट्रमच्या, म्हणजे या लहरींच्या वापरहक्काच्या लिलावाच्या अटींमध्ये सेवाविस्ताराचे बंधन असते, मात्र ते प्रामुख्याने शहरे आणि गट (तालुका पातळीवरील) मुख्यालये यांच्या हिशेबात मोजले गेले. मुख्यालयापासून दूरचा पाडा त्या मोजणीत आलाच नाही. मग जुलै 2022 मध्ये केंद्राला 24,680 वंचित गावांत 4जी पोहोचवण्यासाठी 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर करावी लागली आणि ते काम सरकारी बीएसएनएलवर सोपवण्यात आले. नफ्याचा प्रदेश खासगी कंपन्यांनी घ्यायचा आणि तोट्याचा सरकारी कंपनीने सांभाळायचा, ही वाटणी न्याय्य नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी 1,39,579 कोटी रुपयांची तरतूद आहे. केबल आता वर्तुळाकार टाकायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. बांधणाऱ्या कंत्राटदाराकडेच पुढील 10 वर्षांची देखभालही दिली आहे. जुन्या चुकांमधून सरकार काही शिकले, याची ही खूण आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय, भिंतीवरचा सूचना फलक.)

तरीही पैसा खोदलेल्या किलोमीटरवर न देता चालू राहिलेल्या सेवेवर दिला गेला, तरच ही तरतूद घराघरांपर्यंत पोहोचेल. त्यासाठी प्रत्येक पंचायतीत महिन्यातून किती तास नेट चालले, बिघाड किती दिवसांनी दुरुस्त झाला आणि कंत्राटदाराला किती दंड झाला, याची नोंद गावकऱ्यांना वाचता येईल अशी मराठीत जाहीर व्हायला हवी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमांनुसार मोबाईल कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर दाखवावे लागतात. ज्या गावात रेंज मिळत नाही ते नकाशात रंगवलेले असेल, तर ग्रामसभेने ठराव करून हरकत नोंदवावी आणि नियामकाने त्या ठरावाची ठरावीक मुदतीत तपासणी करावी. आजवर निधीचा हिशेब दिल्लीत होत आला आहे. आता त्याची तपासणी अक्राणीच्या ग्रामसभेतही होऊ द्या.